दोन कायदे, एक बंद शहर

पुण्याच्या साथींचा इतिहास बहुधा १८९७च्या प्लेगच्या आणि त्यातून पेटलेल्या राजकारणाच्या अंगाने लिहिला गेला आहे, तर मानसिक आरोग्याचा इतिहास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या अंगाने. २०२० आणि २०२१च्या टाळेबंदीत शहरातील स्वमग्न प्रौढांची जी मनःस्थिती झाली, तिचे मूळ मात्र या दोन्ही कथनांच्या बाहेर राहिलेल्या जागेत आहे. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आजार नव्हे; ती मेंदूची जन्मापासून वेगळी असलेली घडण आहे. या घडणीत संवादाची रीत वेगळी असते, आवाज, प्रकाश, स्पर्श यांसारख्या संवेदना अनेकदा असह्य तीव्रतेने जाणवतात आणि दिवसाचा ठरलेला क्रम हा मनाचा मुख्य आधार असतो. हा क्रम एका रात्रीत मोडणारा हुकूम अशा माणसाला इतरांपेक्षा वेगळ्या ठिकाणी लागतो, ही गोष्ट त्या हुकुमामागच्या कायद्याला ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती.

तो कायदा म्हणजे फेब्रुवारी १८९७मध्ये संमत झालेला साथरोग कायदा. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली, आणि तिचा कठोर वापर पुण्यात ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या प्लेग समितीने केला. गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती, रोग्यांना रुग्णालयात नेणे, त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवणे, सामान जाळणे, असे त्या मोहिमेचे स्वरूप होते. त्या व्यवस्थेला माणूस तीनच रूपांत दिसत होता: रोगी, संशयित आणि रोग्याच्या घरातला. लोकांचा संताप जितका झडतीवर होता तितकाच तो घरच्या माणसाची ताटातूट होण्यावर होता, ही बाब २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँड यांच्यावर झालेल्या गोळीबाराच्या प्रकाशात काहीशी झाकोळून गेली. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगने अंत झाला. माणसाजवळ जाऊन त्याची काळजी घेण्याची ती रीत कायद्यात कुठेच उतरली नाही. पुढे उतरत आली ती अलग करण्याची रीत. २००९मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी हाच कायदा पुण्यात वापरला गेला आणि १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने करोनासाठी तो पुन्हा लागू केला.

स्वमग्नतेची ओळख या कायद्यापेक्षा बरीच अलीकडची आहे. लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये आणि हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४मध्ये केलेली वर्णने मुलांची होती, आणि त्यानंतर कित्येक दशके ही अवस्था बालपणाची म्हणूनच ओळखली गेली. भारतात १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यात तिचे नावही नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम आणले आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला. हा अधिनियम एप्रिल २०१७मध्ये अमलात आला, म्हणजे टाळेबंदी लागली तेव्हा त्याला तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. २०११च्या जनगणनेत स्वमग्नतेसाठी वेगळा रकानाच नसल्यामुळे शहरात अशी किती माणसे आहेत याची मोजदाद नव्हती. निदानासाठी वापरली जाणारी भारतीय मोजपट्टी ४० मुद्द्यांची असून तिचा रोखही मुले आणि तरुण यांच्याकडेच आहे.

पुण्यातील संस्थाजीवनावर या इतिहासाची गडद छाया आहे. कामायनीसारख्या विशेष शाळा, प्रसन्न ऑटिझम सेंटरसारखी केंद्रे, मुळशीच्या कोळवण खोऱ्यातील साधना व्हिलेज ही प्रौढांची वस्ती, अशी कामे शहरात आणि भोवताली चिकाटीने उभी राहिली, आणि त्यांतील बरीचशी पालकांच्या जिवावर चालली. तरीही शाळेचे वय संपले की बहुतेक स्वमग्न माणसांपुढे घर, किंवा जागा मिळालीच तर एखादी कार्यशाळा, एवढेच उरत असे. त्यांच्याहून वेगळा असा आणखी एक गट होता: शिकलेले, नोकरी करणारे, स्वमग्नतेचे निदान फार उशिरा झालेले किंवा कधीच न झालेले प्रौढ, ज्यांना कुणी तुसडा तर कुणी विक्षिप्त म्हणत आले. पालकांच्या सभांतून नेहमी ऐकू येणारा ‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न पहिल्या गटाचा होता. दुसऱ्या गटासाठी तर प्रश्न विचारणारेही कुणी नव्हते.

राज्यातील पहिले करोनारुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. २२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता गच्च्यांवरून आणि गॅलऱ्यांतून थाळ्या, घंटा, शंख एकाच वेळी वाजू लागले. कृतज्ञतेचा तो गजर आवाज न सोसणाऱ्या माणसासाठी यातनेचा होता. त्यानंतर २५ मार्चपासून रस्ते शांत झाले. पीएमपीची बससेवा सामान्य प्रवाशांसाठी थांबली ती ३ सप्टेंबरपर्यंत; उद्याने, ग्रंथालये, कार्यशाळा बंद झाल्या, एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठा सील झाल्या आणि जुलैच्या मध्यास आणखी दहा दिवसांची कडक टाळेबंदी आली. रोज ठराविक बसने ठराविक थांब्यापर्यंत जाणे ही ज्याची दिवसाची चौकट होती, त्याच्या दृष्टीने केवळ एक सोय गेली असे नव्हते, दिवसच नाहीसा झाला होता. असा ताण साचत गेला की कधी त्याचा स्फोट होतो, ज्याला मेल्टडाऊन म्हणतात आणि ज्यात रडणे, ओरडणे, स्वतःला मारून घेणे आवरता येत नाही, तर कधी माणूस बोलणे-खाणे थांबवून मिटून जातो. दोन खोल्यांच्या सदनिकेत हे दोन्ही सोसणे सर्वांनाच कठीण होते. आईवडिलांपैकी कुणाला नायडू रुग्णालयात किंवा कोविड केंद्रात नेले, तर मागे राहणाऱ्या प्रौढ मुलाजवळ कोण थांबणार, या विचाराने १८९७ची ताटातूट नव्या रूपात घरोघर पोहोचली.

चित्र एकरंगी मात्र नव्हते. बेल्जियम, नेदरलँड्स आणि ब्रिटन येथील प्रौढांच्या २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वमग्न व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंता यांची वाढ इतरांपेक्षा अधिक आढळली. त्याच वेळी गर्दी, गोंगाट आणि भेटीगाठींचे ओझे कमी झाल्याने हायसे वाटल्याचेही अनेकांनी नोंदवले. हिंजवडीच्या आयटी वसाहतीच्या वाटेवरील वाहतूक आणि कार्यालयातील कोलाहल यांतून सुटलेल्या माणसाला घरून काम करणे मानवले असेल, तर त्यावरून टाळेबंदी चांगली होती असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. एरवीचे शहर त्याच्यावर किती भार टाकत होते, हे त्यातून दिसते.

इतर देशांनी यावर फार मोठे उपाय केले असेही नाही, पण साधे उपाय लवकर केले. स्पेनने मार्च २०२०मध्येच स्वमग्न व्यक्तींना सोबत्यासह बाहेर पडण्याची मुभा दिली. तेथे गॅलऱ्यांतून होणारी शिवीगाळ टाळण्यासाठी काहींना दंडावर निळी फीत बांधावी लागली. फ्रान्स आणि ब्रिटन यांनी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अशाच सवलती दिल्या. भारतात केंद्राच्या दिव्यांगजन विभागाने २६ मार्चला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोबत्यांना पास देण्याचा उल्लेख होता.

याहून महत्त्वाची तरतूद आधीपासूनच अस्तित्वात होती. २०१६च्या अधिनियमाचे आठवे कलम आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण देते आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी असे बजावते. राज्याने साथरोग कायदा लागू केला असला, तरी देशव्यापी टाळेबंदी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालीच जाहीर झाली होती, आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुणे शहरातच आहे. अलग ठेवणारा कायदा आणि समान संरक्षणाची हमी देणारा कायदा एकाच शहरात, एकाच घराला लागू होते. परंतु ज्यांची जनगणनेतच गणना झाली नव्हती आणि ज्यांच्यापैकी अनेकांकडे प्रमाणपत्रही नव्हते, त्यांच्यापर्यंत दुसरा कायदा पोहोचण्यासाठी लागणारी यादी तयार व्हायची राहिली होती.

सप्टेंबर २०२०मध्ये केंद्राने ‘किरण’ ही १३ भाषांतील चोवीस तासांची मानसिक आरोग्य हेल्पलाइन सुरू केली. तिचे मोल मोठे होते, पण ती दूरध्वनीवरची होती, आणि अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे हे अनेक स्वमग्न प्रौढांना सर्वांत अवघड वाटणारे काम आहे. राज्यातील निर्बंध १ एप्रिल २०२२पासून उठले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता आणि जागतिक स्वमग्नता जागृती दिनही. तोवर दोन वर्षांत घरात बसवलेला नवा क्रम पुन्हा मोडायचा होता, आणि तोही मार्चमध्ये मेट्रो सुरू झालेल्या, बऱ्याच अंगांनी बदललेल्या शहरात. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्ग म्हणून लोकांना पुन्हा एक दूरध्वनी क्रमांकच देण्यात आला.