पोलादाचे पृष्ठकठिनीकरण व गंजरोधन

पोलादी भागाचा गाभा चिवट ठेवून केवळ पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेस पृष्ठकठिनीकरण म्हणतात. हवा, पाणी व क्षार यांपासून पृष्ठभागाचे रक्षण करणे म्हणजे गंजरोधन होय. ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत. कठीण केलेले पोलाद गंजरोधक असतेच असे नाही.

किनारी हवामान
रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात असलेला द्रोणागिरी हा सिडकोने विकसित केलेला नवी मुंबईचा विभाग आहे. जवळच न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर असल्याने परिसरात कंटेनरची अनेक आगारे आहेत. खाऱ्या वाऱ्यासोबत आलेले क्लोराइड क्षार पोलादावर साचतात व हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे पाऊस नसतानाही पृष्ठभागावर विद्युतवाहक थर राहतो व गंजण्याचा वेग वाढतो. क्रेनची चाके, दंतचक्रे व पिस्टनचे दांडे यांना झीज आणि गंज या दोहोंना तोंड द्यावे लागते.

पृष्ठकठिनीकरणाच्या पद्धती
* कार्बनीकरण : कमी कार्बनचे पोलाद सुमारे ९००–९५० °से. तापमानास कार्बनयुक्त वातावरणात ठेवून नंतर तेलात वा पाण्यात झटपट थंड करतात. दंतचक्रांसाठी ही पद्धत रूढ आहे. गंजरोध मात्र वाढत नाही.
* प्रवर्तन तापन : उच्च कंप्रतेच्या विद्युतप्रवाहाने फक्त पृष्ठभाग तापवून लगेच थंड करतात.
* नायट्रायडीकरण : अमोनिया वायूत सुमारे ५००–५५० °से. तापमानास नायट्रोजन पृष्ठभागात मुरवतात. झटपट थंड करावे लागत नसल्याने भाग फारसा वाकत नाही.
* नायट्रोकार्बनीकरण : सुमारे ५७०–५८० °से. तापमानास नायट्रोजन व कार्बन एकत्र मुरवतात. त्यानंतर ऑक्सिडीकरण केल्यास काळा मॅग्नेटाइट थर तयार होतो. झीज व गंज या दोहोंपासून संरक्षण मिळत असल्याने क्रोम मुलाम्याऐवजी ही पद्धत वापरतात. क्रोम मुलाम्यात लागणारी षट्‌संयुजी क्रोमियमची संयुगे विषारी असतात.

गंजरोधनाच्या पद्धती
जस्तलेपनात स्वच्छ केलेला भाग सुमारे ४५० °से. तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. लेपाला ओरखडा गेला तरी जस्त आधी क्षरण पावते व उघडे पडलेले पोलाद वाचते. फॉस्फेट लेप स्वतः अल्पसे संरक्षण देतो, पण त्यावर तेल वा रंग चांगला धरतो. कंटेनरच्या भिंतींसाठी तांबे व क्रोमियम असलेले हवामानरोधक पोलाद वापरतात. तरीही सागरी वापरात त्यावर रंग द्यावाच लागतो.

निवडीतील धोके
अतिकठीण पोलादावर आम्लधुलाई वा विद्युत विलेपन करताना हायड्रोजन आत शिरून भाग ठिसूळ होतो आणि भाराखाली अचानक तुटू शकतो. म्हणून विलेपनानंतर तो भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढतात. जस्तलेपनाच्या उष्णतेने कार्बनीकृत भागाचा कठीणपणा उतरतो. स्टेनलेस पोलादाचे नेहमीच्या तापमानास नायट्रायडीकरण केल्यास क्रोमियम नायट्राइडमध्ये बांधले जाते व त्याचा गंजरोध घटतो.

हे सुद्धा पहा
* उष्णता संस्करण
* गंज
* जस्तलेपन