इंजेक्शन की सिरप?

परवा माझ्या दोन वर्षांच्या भाच्याला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी तपासून अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं आणि चक्क घरी पाठवलं! आजी वैतागली, "सुई टोचली नाही? मग कसला डॉक्टर!" खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं. म्हणून शनिवारी बसून जरा इतिहास वाचून काढला.

गोष्ट सुरू होते आपल्याच गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी ५८ गावांत आरोग्यसेवक आणि सुईणींना लहान मुलांचा श्वास मोजायला शिकवलं. न्यूमोनिया वाटला की को-ट्रायमॉक्सॅझोल द्यायचं, तोंडावाटे, गावातच. शेजारच्या ४४ गावांत हा उपक्रम नव्हता. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: उपक्रम नसलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी १३.५ टक्के दगावली, उपचार मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के!

पण श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर? तेव्हा नियम होता: दवाखान्यात दाखल करा, पेनिसिलिनची इंजेक्शनं द्या. मग कुणीतरी सरळ तुलनाच केली (आमच्या भाषेत ए/बी टेस्टिंग). ८ देशांतली १७०२ मुलं. अर्ध्यांना इंजेक्शन, अर्ध्यांना तोंडावाटे अमॉक्सिसिलिन. २००४ साली निकाल आला. ४८ तासांनी उपचार फसल्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, १९ टक्के. २००८ साली पाकिस्तानातल्या अभ्यासाने पुढची पायरी गाठली. दवाखान्यात इंजेक्शन घेणाऱ्यांत अपयश ८.६ टक्के, घरी अमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांत ७.५ टक्के. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने नियमच बदलला.

अर्थात मूल काही पीतच नसेल, सुस्त पडलं असेल, झटके येत असतील तर दवाखाना आणि इंजेक्शनच हवं. तिथे तडजोड नाही.

आपल्याला वाटतं, प्रश्न कुठलं औषध जास्त 'स्ट्राँग' हा आहे. आपल्याला ते परवडतं, कारण दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर असतो. जिथे तो एक दिवसाच्या वाटेवर आहे, तिथे "दाखल करा" या सल्ल्याचा अर्थ बरेचदा "काहीच मिळणार नाही" असा होतो. तिथे घरी देता येणारं औषध म्हणजेच उपचार.

असो. भाचा तिसऱ्या दिवशी घरभर धावत होता. आजी अजून म्हणतेच, "एक सुई दिली असती तर दुसऱ्याच दिवशी धावला असता!" :)