अराकावाच्या बांधावरील कलमकाड्या

वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीलगत दर वसंतात बहरणारी जपानी चेरीची झाडे दोन राष्ट्रांच्या मैत्रीची खूण म्हणून सर्वपरिचित आहेत. मात्र ही भेट शक्य झाली ती रोपवाटिकेतील हिवाळी कलमांमुळे, आणि त्या कामाची दखल राजनैतिक इतिहासात अगदीच ओझरती घेतली गेली आहे. टोकियोने प्रथम पाठवलेली दोन हजार झाडे जानेवारी १९१० मध्ये तेथे पोहोचली, परंतु कीड, सूत्रकृमी आणि रोग यांनी ती इतकी ग्रासलेली होती, की राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीने ती जाळून टाकावी लागली.

टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी भेटीचा संकल्प सोडला नाही. दुसऱ्या खेपेसाठी डिसेंबर १९१० मध्ये शहराबाहेरील अराकावा नदीच्या बांधावर असलेल्या नामांकित चेरीसंग्रहातून कलमकाड्या, म्हणजे हव्या त्या जातीच्या डोळे असलेल्या फांद्या, कापण्यात आल्या आणि ह्योगो प्रांतातील इतामी येथे निवडून वाढवलेल्या खुंटांवर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या रोपांवर, त्यांची कलमे करण्यात आली. बियांपासून रोपे करून हे साधले नसते, कारण 'सोमेई-योशिनो' या जातीला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही आणि परपरागातून आलेले रोप मातृवृक्षासारखे निपजत नाही. 'फुगेन्झो'सारख्या दुहेरी फुलांच्या जातीत तर स्त्रीकेसराचीच पानासारखी रचना झालेली असल्याने बी जवळजवळ धरतच नाही.

हंगामाची निवडही विचारपूर्वक केलेली असते. पानगळीनंतर चेरी सुप्तावस्थेत जाते. तेव्हा कापलेल्या काडीवर पाने नसल्याने तिच्यातील ओल टिकते आणि थंड, दमट जागी ती काही आठवडे जिवंत राहते. पुढे खुंटात रस चढू लागण्याच्या सुमारास दोहोंचे तिरके काप असे जुळवले जातात, की सालीच्या आतल्या बाजूस असलेला, नव्या पेशी निर्माण करणारा पातळ हिरवट थर निदान एका कडेला तरी दुसऱ्याच्या तशाच थराला भिडावा, आणि मग सांधा घट्ट बांधला जातो. सुरी बोथट असली किंवा काप उघडा राहून सुकला, तर काडी जीव धरत नाही. तीन हजारांवर झाडांची खेप उभी करताना हे नाजूक काम किती हातांनी किती वेळा केले असेल, याचा विचार केला म्हणजे त्या अनामिक कलमकारांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

बारा जातींची ३,०२० झाडे १४ फेब्रुवारी १९१२ रोजी योकोहामाहून 'आवा मारू' जहाजाने निघाली आणि मार्चअखेरीस वॉशिंग्टनला पोहोचली. २७ मार्चला श्रीमती टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी चिंदा यांनी त्यांतील पहिली दोन झाडे लावली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अराकावावरील मूळ संग्रहाची दुर्दशा झाली, तेव्हा १९५२ मध्ये वॉशिंग्टनमधील त्याच वंशाच्या झाडांच्या डोळकाड्या टोकियोला पाठवण्यात आल्या, आणि १९८१ मध्ये जपानमध्ये पुरात नष्ट झालेल्या योशिनो झाडांच्या जागी नवी लावण्यासाठी जपानी उद्यानतज्ज्ञांना पुन्हा तेथूनच काड्या देण्यात आल्या.