हौशी रेल्वे छायाचित्रण

हौशी रेल्वे छायाचित्रण म्हणजे आगगाड्या, इंजिने, स्थानके, पूल, सिग्नल आणि रेल्वेच्या नित्य वापरातील वस्तू यांची छंद म्हणून छायाचित्रे काढणे व त्यांचा संग्रह करणे. या छंदामागे अर्थार्जनाचा हेतू नसतो. मात्र काळाच्या ओघात नाहीशा झालेल्या अनेक गोष्टींची दृश्य नोंद अशा संग्रहांतून उपलब्ध होते. महाराष्ट्रात मुंबई–पुणे लोहमार्ग आणि त्यावरील खडकीसारखी स्थानके हे या छंदाचे एक महत्त्वाचे क्षेत्र आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम भारतात छायाचित्रण आणि रेल्वे यांचे आगमन जवळजवळ एकाच वेळी झाले. मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५६ पासून विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक चित्रमालिका मुंबईतून प्रसिद्ध केली.

खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. बोरघाटाचे काम तेव्हा अपुरे होते. पती सॉलोमन यांचे १८५९ मध्ये निधन झाल्यावर त्या कामाचा ठेका अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवला. घाटाच्या बांधकामाच्या काही छायाचित्रांचे श्रेय त्यांना दिले जाते. घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. चढण सुसह्य करण्यासाठी तेथे गाडीची दिशा उलटी करावी लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ही व्यवस्था बंद पडली. तिचे स्वरूप समजून घेण्यासाठी आज जुनी चित्रे हे एक मोलाचे साधन आहे.

खडकी परिसर

खडकी स्थानक शिवाजीनगर व दापोडी या स्थानकांच्या दरम्यान आहे. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव ‘किर्की’ असे लिहिले जाई. स्थानकाजवळ मार्गाची दिशा साधारणतः दक्षिणोत्तर असल्यामुळे सकाळी गाडीच्या पूर्वेकडील व दुपारनंतर पश्चिमेकडील बाजूवर प्रकाश पडतो. लोणावळ्याच्या लोकल गाड्या, मुंबईच्या जलद गाड्या आणि मालगाड्या येथून जातात. ‘डेक्कन क्वीन’ १ जून १९३० पासून याच मार्गावर धावते.

कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर झाले. मालगाड्यांसाठी आणलेल्या सांधेदार विद्युत इंजिनांना ‘खेकडा’ हे टोपणनाव मिळाले. त्यांपैकी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पुढे मार्गावर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आल्यानंतर केवळ एकदिश प्रवाहावर चालणारी इंजिने येथून निवृत्त झाली.

साधने व तंत्र

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. त्यातील एका रोलवर १२ चित्रे निघत. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही प्रचारात होता. रोल व धुलाई यांचा खर्च पाहता प्रत्येक चित्र जपून काढावे लागे.

ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. शटर १/५० सेकंद उघडे राहिल्यास ती तेवढ्यात ५० सेंटिमीटर सरकते व चित्र पुसट होते. १/१००० सेकंदात हेच अंतर अडीच सेंटिमीटर असते. मंद शटरवर गाडीबरोबर कॅमेरा फिरवल्यास गाडी स्पष्ट येते व पार्श्वभूमी पुसट होते.

नित्य वस्तूंचे छायाचित्रण

इंजिनांची छायाचित्रे विपुल आहेत. त्या मानाने रोजच्या वस्तूंची कमी आढळतात. जाड पुठ्ठ्याची तिकिटे, तारखेचा ठसा उमटवणारे यंत्र, रॉकेलचा हातकंदील, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, लाकडी स्लीपर आणि हात वर-खाली होणारे सिग्नल या वस्तू पूर्वी सर्वत्र होत्या. संगणकीय तिकिटे, काँक्रीटचे स्लीपर व रंगीत दिव्यांचे सिग्नल आल्यावर त्यांचा वापर झपाट्याने मागे पडला. सर्वत्र असलेल्या वस्तूचे चित्र काढावे असे सहसा कोणास वाटत नाही, आणि म्हणूनच ती नाहीशी झाल्यावर तिचे चित्र दुर्मीळ ठरते.

कायदा व सुरक्षितता

खडकी हे लष्करी छावणीचे क्षेत्र असून तेथे १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार अशी ठिकाणे प्रतिबंधित स्थळांच्या व्याख्येत येतात. त्यामुळे या परिसरात कॅमेऱ्याची दिशाही विचारपूर्वक ठरवावी लागते. रेल्वेच्या आवारात व्यावसायिक चित्रीकरणासाठी प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते. हौशी व्यक्तीनेही स्थानकप्रमुखांना विचारणे इष्ट असते. विनापरवाना रुळांवर जाणे रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. विद्युत तारांखाली सेल्फीची काठी किंवा तिपाई उंच धरणे प्राणघातक ठरू शकते.

संलग्न छंद

दीपगृहांचे छायाचित्रण हा याच्याशी मिळताजुळता छंद आहे. कोकण किनाऱ्यावरील खांदेरी (१८६७) व मुंबईजवळील प्राँग्ज (१८७५) ही जुनी दीपगृहे त्यासाठी परिचित आहेत. सागरी दिशादर्शन साहाय्य अधिनियम, २०२१ मध्ये वारसा दीपगृहांची तरतूद आहे.

नोंदी व जतन

१९८९ मध्ये सुरू झालेल्या इंडियन रेल्वेज फॅन क्लबसारख्या हौशी मंडळांनी अशा चित्रांच्या संकलनास चालना दिली. चित्राचे संदर्भमूल्य त्याच्या नोंदीवर अवलंबून असते. स्थळ, दिनांक, गाडीचे नाव, इंजिनाचा क्रमांक व चित्र काढण्याची दिशा लिहिलेली असल्यास ते अभ्यासास उपयोगी पडते. या नोंदी नसलेल्या चित्रातील स्थानक पुढील पिढीस ओळखता येईलच असे नाही. निगेटिव्ह दमटपणापासून दूर ठेवणे आणि अंकीय प्रती एकाहून अधिक ठिकाणी साठवणे हे जतनाचे प्राथमिक उपाय होत.