पाय आणि पातं

माझा डावा पाय उजव्यापेक्षा अंमळ थोर असल्यामुळे जोड्यांचा इतिहास मी आपुलकीनं वाचतो. पूर्वी बर्फावर घसरायचं तर आपल्याच बुटांखाली लोखंडी पातं पट्ट्यांनी आवळत. जोडा चावलाच, तर शिव्या घरच्याच चांभाराला!

कॅनडातल्या ब्रँडनचा आइस हॉकीपटू जो हॉल याचे बूट मात्र हंगामभरही टिकत नसत. लोक त्याला ‘बॅड जो’ म्हणत. असा गडी १९०५च्या सुमारास तक्रार घेऊन दारात उभा! पण जॉर्ज टॅकाबेरी हा कारागीरही खमका. त्यानं कांगारूचं चामडं घेतलं, चवडा नि टाच भक्कम केली, पावलाच्या कमानीला आधार दिला.

पुढे १९२७ साली किचनर गावच्या बाउर मंडळींनी पातं जडवलेलेच बूट विकायला काढले. झालं! आता पात्यासकट अख्खा बूटच पायाला बसायला हवा. लांबी जुळली तर रुंदी अडते, रुंदी जुळली तर टाच उचलते. शिवाय नंबर रोजच्यापेक्षा एक-दीडनं लहान!

कोल्हापुरीला आपण तेल पाजतो. तिकडे हल्ली दुकानदार बूट भट्टीत गरम करून पायात चढवतात. मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. उभंसुद्धा राहायचं नाही.