समासातली लाल ओळ

चित्र घडत असताना टप्प्याटप्प्याने त्याचे फोटो काढून ठेवायचे, ही रीत आज दिल्लीतल्या चित्रकारांच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. तिचं मूळ युरोपात सांगतात. मातिसने १९३५ मध्ये आपल्या ‘पिंक न्यूड’चे टप्पे फोटोंत टिपून घेतले, १९३७ मध्ये डोरा मारने पिकासोच्या ‘गेर्निका’चे टिपले. कॅमेऱ्यापुरतं हे खरं. टप्पे नोंदवायची रीत मात्र बरीच जुनी आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुमारे १५९८ चा सचित्र ‘बाबरनामा’ आहे. त्यातल्या चित्रांखाली चित्रकारांची नावं आढळतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या ‘अकबरनामा’त तर खालच्या समासात लाल शाईने कामाची वाटणीच लिहिली आहे: ‘तर्ह’ म्हणजे रेखाटन कुणाचं, ‘अमल’ म्हणजे रंगकाम कुणाचं, आणि काही ठिकाणी चेहरे कुणाचे. अकबर हवाई नावाच्या हत्तीवर बसून यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावरून धावतो, त्या प्रसिद्ध चित्राचं रेखाटन बसावनचं, रंग चेतरचे.

याला टप्प्यांची नोंद म्हटलं की आक्षेप ठरलेला: हा निव्वळ पगाराचा हिशेब. हिशेब होताच. अबुल फझल ‘आईन-ए-अकबरी’त सांगतो की दारोगे आणि कारकून दर आठवड्याला सगळ्या चित्रकारांचं काम बादशहापुढे मांडत आणि त्यावरून इनाम किंवा पगारवाढ ठरे. पण माझा मुद्दा नेमका इथूनच सुरू होतो. एवढं बारीक चित्र आठवड्यात कसं हातावेगळं होणार? म्हणजे बादशहा अर्धवट चित्रंही पाहत असणार.

शिवाय कामाची पद्धत बघा. रेखाटनावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात, त्यावर पुन्हा रेषा, मग अपारदर्शक रंगांचे थरावर थर. कागद मागून अकीकाने घोटायचा. शेवटी बसावनची मूळ रेषा रंगाखाली गडप. ती त्याची होती, हे सांगायला समासातली ओळच उरते. समासातले शेरे चित्र पुरं झाल्यावर लिहिले असतील. माहिती मात्र साप्ताहिक पाहणीतून आली असावी, असा माझा अंदाज आहे.

म्हणून प्रकाशकांना एकच विनंती: ही चित्रं छापताना समास छाटू नका. चित्र कसं घडलं, ते तिथेच लिहिलेलं आहे.