हेलिकॉप्टर वैमानिकाचा परवाना : देशोदेशीचे नियम आणि भारतातील वाट

हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना मिळवू इच्छिणाऱ्या तरुणांपुढे पहिला प्रश्न असतो तो प्रशिक्षण कोणत्या देशात घ्यावे, हा. शिक्षण कुठेही झाले तरी भारतात नोकरी करायची असल्यास नवी दिल्लीतील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची पायरी चढावीच लागते.

याचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. हेलिकॉप्टरची नोंदणी ज्या देशात झाली असेल, त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य मानलेला परवाना वैमानिकाजवळ असणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘व्हीटी’ या अक्षरांनी नोंदलेल्या भारतीय हेलिकॉप्टरवर अमेरिकेचा परवाना आपोआप चालत नाही. परदेशी परवानाधारकास हवाई नियमांची, तसेच दिशादर्शन व हवामानशास्त्र यांची संयुक्त परीक्षा द्यावी लागते. रेडिओ दूरध्वनीचे प्रमाणपत्र पूर्वी दूरसंचार विभाग देत असे. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ अन्वये ते काम महासंचालनालयाकडे सोपवण्यात आले.

उड्डाणाच्या तासांबाबत मात्र फारसा भेद नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने किमान १५० तास, तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी १०० तास ठरवले आहेत. भारताचे नियमही याच चौकटीतील आहेत. युरोपात सलग अभ्यासक्रम १३५ तासांचा असतो. अमेरिकेतही सर्वसाधारण अट १५० तासांचीच असली, तरी त्यांपैकी हेलिकॉप्टरवर ५० तास पुरेसे ठरतात. उरलेले विमानावर केलेले चालतात. जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरा फरक परवान्यानंतर पडतो. अमेरिकेत नवा वैमानिक बहुधा प्रशिक्षक होतो आणि शिकवता शिकवता अनुभव जमवतो. तेथे सर्वोच्च परवान्यासाठी १,२०० तास लागतात. भारतात नागरी हेलिकॉप्टर प्रशिक्षण संस्था मोजक्याच असल्याने ही मधली पायरी जवळजवळ नाहीच. बंगळुरू येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सची रोटरी विंग अकादमी हा त्यांतला ठळक अपवाद.

परिणामी नागरी सेवांची भिस्त सेनादलांतून निवृत्त झालेल्या वैमानिकांवर राहिली आहे. नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेत असे वैमानिक घडतात. कॅप्टन अभिलाषा बराक यांना मे २०२२ मध्ये येथेच ‘विंग्ज’ प्रदान करण्यात आले. सैन्यातील तास नागरी परवान्यासाठी मोजले जातात, परंतु महासंचालनालयाची परीक्षा त्यांनाही चुकत नाही.

परवाना म्हणजे कोठेही उड्डाणाची मुभा नव्हे. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणे वेगळे आणि सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील केदारनाथला उतरणे वेगळे. तेथे हवा विरळ असल्याने पंख्याची उचल व इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात, आणि ढग दरीत क्षणार्धात उतरतात. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. त्याचे वैमानिक लष्करातून निवृत्त झालेले अनुभवी अधिकारी होते.